पाव्हणा बसलाय

जळकोटच्या सरकारी युनानी दवाखान्यात हकीम फकरुद्दीन बदलून आला, तेव्हा त्यानं सोबत दोन मोलाच्या वस्तू आणल्या होत्या. एक पितळी तराजू आणि दुसरं मराठीचं व्याकरण. तराजू अगदी बरोबर होता.

माणूस मूळचा रामपूरकडचा, पार उत्तरेतला. हैदराबादेत हिकमत, म्हणजे हकिमी विद्या, शिकला, निजाम सरकारच्या नोकरीला लागला आणि ज्या मुलखाचं मीठ खायचं त्या मुलखाची भाषा बोलायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. बाकीचे अंमलदार उर्दूत ओरडून काम भागवत. फकरुद्दीन मात्र "आपल्या पोटात दुखत आहे काय?" असं विचारायचा. समोरचा शेतकरी आधी मागं वळून बघायचा, की हे एवढ्या आदरानं बोलतायत तरी कुणाशी. दवाखान्यातला दवासाज शांतलिंग, म्हणजे औषधं कुटणारा आणि पुड्या बांधणारा, चांगली दखनी उर्दू बोलायचा. पहिल्याच आठवड्यात तो दखनीत काही सांगायला लागला तर फकरुद्दीननं त्याला थांबवलं आणि मराठीत बोलायला सांगितलं. आपल्याला सगळं समजतं, असंही सांगितलं. शांतलिंगनं मान डोलावली. साहेबाला समजतं म्हटल्यावर समजतं.

साल लढाईचं होतं. जावा बेट जपान्यांनी घेतलं आणि तिकडून येणारी तापावरची कुनैन बंद झाली. कुठं जपान आणि कुठं जळकोट, पण फटका बसायचा तो बसलाच. त्या वर्षी पाऊस संपला तसं ओढ्याच्या डबक्यांत डास झाले आणि घरटी एक माणूस गोधडीखाली हुडहुडू लागला. दिवसाआड येणारा पाळीचा ताप. आला की दुपारी येणार, दात वाजवणार, घाम काढून संध्याकाळी निघून जाणार, आणि एक दिवस सोडून पुन्हा दारात हजर.

तो फकरुद्दीनच्या घरातही शिरला. त्याची बायको नूरुन्निसा, माहेर नळदुर्गचं, पाचवा महिना. याआधी दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल गेलं. दुसऱ्या वेळी असाच ताप होता आणि फकरुद्दीननं स्वतःच्या हातानं तिला कुनैन दिली होती. मूल तापानं गेलं की कुनैननं, हे कुठल्याच किताबात सापडत नव्हतं. त्यानं शोधलं होतं. आता कुनैन मिळाली असती तरी त्याचा हात पुढं झाला नसता, आणि ताप तर अंगात ठेवून चालत नव्हतं. दर पाळीला ती थरथरू लागली की तो शेजारी बसून तिच्या पोटाकडं बघत राहायचा. त्याला मूल हवं होतं, आणि ते तिच्यासकट हवं होतं. लढाई कोण जिंकतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं.

मग त्यानं गजगा हाती घेतला. गजगा म्हणजे आपला सागरगोटा. बांधावरच्या काटेरी कुपाटीत होतो. पोरी त्याच्या बियांनी खेळतात आणि म्हाताऱ्या त्याच बिया भाजून, फोडून, आतला गर मिऱ्यांबरोबर वाटून तापाला देतात. युनानी किताबांतही तो आहे, पण किताबांत काय, सगळंच असतं. फकरुद्दीनला खात्री हवी होती. नुसता गुण यायला नको होता, अपायही व्हायला नको होता. ती खात्री झाल्याशिवाय नूरुन्निसाच्या जिभेवर काहीही ठेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

त्यानं गावातल्या तापकऱ्यांचे दोन वाटे केले. एका वाट्याला गजगा, लाल दोऱ्याच्या पुडीत. दुसऱ्याला नुसतं फुटाण्याचं पीठ, पांढऱ्या दोऱ्याच्या पुडीत. त्यात थोडा कडुनिंब, कारण औषध कडू लागलं नाही तर जळकोटचा माणूस त्याला औषध मानत नाही. या पुड्या फकरुद्दीन स्वतः बांधायचा, त्यामुळं कुठल्या पुडीत काय आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक. फुटाण्यानं ताप जात नाही हे तर शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा लाल दोऱ्याची माणसं उठली आणि पांढऱ्याची नाही उठली, की गजग्याचा गुण सिद्ध झाला. गरोदर बाईला मात्र यातलं काहीच द्यायचं नाही, असं त्यानं शांतलिंगला बजावलं. शांतलिंगनं घरोघर पुड्या पोचवायच्या, पाळीच्या दिवशी जाऊन रोगी बघायचा आणि येऊन सांगायचं, अशी कामाची वाटणी झाली. बेत इतका चोख होता की त्यात चूक शिरायला बोळच नव्हता. ती दारातून आली.

जळकोटात या तापाचं नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं की त्याला वाटतं, आपल्याला बोलावलं. म्हणून त्याला म्हणायचं पाव्हणा. शांतलिंग पहिल्या पाळीची खबर घेऊन आला तो नेहमीसारखा दारातच उभा राहिला.

"माणिकप्पाचा पाव्हणा येतो म्हनला," तो म्हणाला. "गजराबाईचा बी येतो म्हनला. सोमलिंगचा बसलाय."

पाव्हणा म्हणजे ताप, एवढं फकरुद्दीनला माहीत होतं. पुढचं त्यानं व्याकरणानं सोडवलं. येणे, धातू ये, वर्तमानकाळ. तो येतो. म्हणजे माणिकप्पाला ताप येतो. गजराबाईलाही येतो. दोघंही लाल दोऱ्याचे. त्याचं तोंड उतरलं. आणि बसणे? त्याच्या भाषेत सूज बसते, आवाज बसतो, उसळलेली गोष्ट खाली जाते. म्हणजे सोमलिंगचा ताप बसला. सोमलिंग पांढऱ्या दोऱ्याचा, फुटाण्याचा. फकरुद्दीन जरा बुचकळ्यात पडला, पण एका पाळीवरून काही ठरत नाही म्हणून पुढच्या पाळीची वाट बघत राहिला.

पुढच्या पाळ्यांनाही तेच. लाल दोऱ्याचा एकेक पाव्हणा येतो म्हणू लागला, आणि पांढऱ्या दोऱ्याचे पाव्हणे जिथल्या तिथं बसले. शांतलिंग खबरी आणताना दिवसेंदिवस कष्टी होत चालला होता आणि फकरुद्दीनचा चेहरा उजळत चालला होता. "सोमलिंगचा तर आसा बसलाय की उठायचं नाव न्हाय," असं शांतलिंगनं एकदा खालच्या आवाजात सांगितलं, तर फकरुद्दीननं खुर्चीतून उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अल्लाचे आभार मानले. शांतलिंग बाहेर आला तो डोकं खाजवतच. पण मोठ्या माणसांना कशाचा आनंद व्हावा हे विचारायची आपल्याकडं पद्धत नाही, आणि शिवाय साहेबाला सगळं समजत होतं.

फकरुद्दीन प्रामाणिक माणूस. गजगा जिंकावा अशी त्याची इच्छा होती, आणि फुटाणा जिंकला. इच्छा बाजूला ठेवून त्यानं निकाल मान्य केला. खरं तर त्याला तो मनापासून आवडला. फुटाणा खाऊन कुठल्या गरोदर बाईचं कधी वाईट झालंय? त्याच संध्याकाळी त्यानं नूरुन्निसाला पांढऱ्या दोऱ्याची पुडी दिली. तिनं जिभेवर घेतली आणि म्हणाली, याला फुटाण्याचा वास येतोय. तापात नाकाला काहीबाही वास येतात, असं त्यानं तिला समजावलं.

नूरुन्निसा गुणाची. तिनं पुड्या खाल्ल्या आणि ताप अंगावर काढला. तापाची पाळी चुकेना. ती भिंत धरून चालू लागली, ओठ पांढरे पडले, आणि एका दुपारी थंडी एवढी भरली की बाजेचे पाय फरशीवर वाजू लागले. फकरुद्दीननं तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ आत काही हाललं नाही. मग हाललं. त्या मधल्या वेळात तो जेवढा भ्याला तेवढा जन्मात कधी भ्याला नव्हता.

ताप उतरून ती झोपल्यावर त्यानं वहाणा घातल्या आणि सोमलिंगचं घर गाठलं. फुटाणा साऱ्या गावाला लागू पडतो आणि आपल्याच घरात का पडत नाही, हे त्याला कळत नव्हतं. सोमलिंग ती पुडी कशाबरोबर घेतो, दुधाबरोबर की कोमट पाण्याबरोबर, एवढंच त्याला विचारायचं होतं.

सोमलिंग तीन गोधड्यांखाली होता. गोधड्या हालत होत्या. त्याची बायको नागम्मा वरून चौथी टाकत होती. फकरुद्दीननं विचारलं, हे काय आहे. नागम्मानं त्याच्याकडं असं पाहिलं, की हकीम तुम्ही का मी.

"पाव्हणा बसलाय की, सायेब," ती म्हणाली. "शांतलिंग अण्णानं सांगितलं न्हाय व्हय?"

 फकरुद्दीनला अर्थ लागेना. तिथं थांबून करण्यासारखं काही नव्हतं. "बरं, मी जातो," तो म्हणाला आणि वळला. नागम्मानं त्याची वाट अडवली. हकीम असो की सुभेदार, काही गोष्टी तिच्या घरात चालत नसत.

"जातो म्हनू नका. दुखण्याचं घर हाय. येतो म्हना."

"पण मी आज परत येणार नाही."

"म्हनूनच येतो म्हनायचं. जानारा मानूस येतो म्हनूनच जातो."

फकरुद्दीन दारात उभा राहिला. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. व्याकरणात हे नव्हतं. "मग जो पाव्हणा येतो म्हणाला," त्यानं सावकाश विचारलं, "तो?"

"त्यो गेला की."

"आणि बसला आहे तो?"

नागम्मानं नवऱ्याकडं बोट केलं. सोमलिंगनंही गोधडीतून एक हात वर करून आपण इथंच असल्याचं दाखवलं.

तिथून फकरुद्दीन माणिकप्पाच्या शेताकडं जवळजवळ पळतच गेला. माणिकप्पा, ज्याला त्यानं मनातल्या मनात केव्हाच गजग्याचा बळी मानलं होतं, भर पाळीच्या दिवशी मोट हाकत गाणं म्हणत होता. गजराबाई अंगणात शेजारणीशी भांडत होती, आणि तिचा आवाज ऐकून तब्येतीविषयी वेगळं विचारायची गरज उरली नाही. लाल दोऱ्याची सगळीच उठली होती असं नाही. दोघंतिघं अजून अंथरुणात होती. पण पांढऱ्या दोऱ्याची जवळजवळ सगळीच अंथरुणात होती. फकरुद्दीनला एकाच वेळी हसू येत होतं आणि स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटत होतं. त्यानं आपल्या बायकोला इतके दिवस फुटाणे चारले होते.

दवाखान्यात परत येऊन त्यानं पांढऱ्या दोऱ्याच्या लोकांना लाल पुड्या द्यायला शांतलिंगला पिटाळलं आणि गजगा खलात घेतला. घेतला आणि थांबला. गजगा मिजाजानं, म्हणजे प्रकृतीनं, गरम. माणिकप्पाला तो बाधला नाही, पण माणिकप्पाच्या पोटात कुणी वाढत नव्हतं. अपाय होत नाही हे अजून गरोदर बाईवर कुणी तपासलेलं नव्हतं. त्यानं स्वतःच तशी ताकीद दिली होती.

दवाखान्यात शांतलिंगच्या मदतीला, औषधं कुटायला, प्रेमाबाई नावाची बाई यायची. सिदू सालगड्याची बायको, मागच्याच झोपडीत राहायची. तिला ताप होता आणि सहावा महिनाही होता. आजवर फकरुद्दीननं तिला औषध नाकारलं होतं. आता त्याला ती आठवली. त्यानं तराजू घेतला, गजग्याची पूड तोलली, लाल दोरा बांधला. शांतलिंग परत आला तेव्हा त्यानं पुडी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, ही प्रेमाबाईला दे, दोन-तीन पाळ्या बघू, काही वावगं झालं नाही तर मग आत बेगमसाहेबांसाठी बांधू. यात काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे पोथीत नसलं तरी सगळ्यांना पाठ असतं.

दवाखाना आणि घर यांच्यामध्ये एक चिकाचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा, पडदा होता. पडद्यामागून नूरुन्निसानं शांतलिंगला थांबायला सांगितलं आणि नवऱ्याला आत बोलावलं. बोलणं दखनीत झालं, आपण ते मराठीत ऐकू.

"तिला आधी का?" तिनं विचारलं.

फकरुद्दीननं समजावलं. तपासल्याशिवाय औषध देऊ नये, हा हिकमतीचा पहिला धडा. कुणीतरी पहिलं असावंच लागतं. शिवाय प्रेमाबाईला ताप आहेच, म्हणजे तिचंही भलं होण्याचा संभव आहे. तो चांगलं बोलत होता. नूरुन्निसानं त्याचं सगळं बोलणं संपू दिलं.

"तिच्या पोटातलं काय फुटाण्याचं आहे?"

 फकरुद्दीननं दोन मुलं आधीच गेल्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, ती दोन्ही मुलं माझ्या पोटातून गेली, तेव्हा आठवण तुम्ही मला देऊ नका. मग तिनं शांतलिंगकडून ती पुडी परत घेतली, त्याच्याच हातून प्रेमाबाईला बोलावणं धाडलं, आणि अशीच एक पुडी आपल्यालाही बांधायला सांगितलं. प्रेमाबाई घेणार तर मी घेणार, मी नाही तर तीही नाही.

फकरुद्दीन दुसरी पुडी तोलायला बसला. तीच पूड, तेच वजन, तोच तराजू. पण या खेपेला पारडं स्थिर राहीना. पूड खाली सांडली, त्यानं पुन्हा घेतली, पुन्हा सांडली. नूरुन्निसा बघत होती.

"आता हात कापतोय तुमचा," ती म्हणाली. "मघाशी कापत नव्हता."

  त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाही हात काही कापायचा थांबला नाही.

प्रेमाबाई आली, पदरानं तोंड पुसत खाली टेकली. नूरुन्निसानं दोन्ही पुड्या ताटलीत ठेवल्या आणि तिला हवी ती उचलायला सांगितलं. प्रेमाबाईनं विचारलं, ह्यात हाय काय? त्या दिवसापर्यंत फकरुद्दीननं कुठल्याही रोग्याला पुडीत काय आहे हे सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. गजगा आहे, ताप बहुतेक जातो, पण पोटातल्या मुलाला सोसेल की नाही हे मला माहीत नाही. एवढी मराठी तो पहिल्यांदाच न अडखळता बोलला.

प्रेमाबाई विचारात पडली. हकीमाला माहीत नाही असं सांगणारा हकीम तिनं पाहिला नव्हता. तिनं नूरुन्निसाकडं पाहिलं.

"बेगमसाब घ्यायल्या का?"

"घेतेय," नूरुन्निसा म्हणाली.

"मंग द्या इकडं. काय व्हायचं ते दोघींचं हुईल. सोबत तर हाय."

तिनं डावीकडची पुडी उचलली. फकरुद्दीन दोन्ही पुड्यांकडं डोळे ताणून बघत होता, की ही कुठली आणि ती कुठली. दोन्हींत एकच होतं, आणि ते त्यानंच तोललं होतं.

पुढच्या पाळीला दोघी त्याच्या अंगणात दोन बाजांवर पडल्या होत्या. थंडी आधी प्रेमाबाईला भरली. फकरुद्दीननं घरातली लखनवी रजई आणून तिच्या अंगावर टाकली आणि मग नूरुन्निसाला भरली तेव्हा घरात दुसरी रजई नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं आपली शेरवानी टाकली. संध्याकाळपर्यंत तो या बाजेवरून त्या बाजेकडं फिरत राहिला, आणि दोघींना एकच प्रश्न विचारत राहिला, की मूल हालतंय का. शेवटी प्रेमाबाईनं त्याला सांगितलं, सायेब, तुमी बसून घ्या, तुमच्यानं आमाला घेरी याया लागली. त्याच्या पुढच्या पाळीला थंडी निम्म्यावर आली. आणि एका दुपारी दोघी बाजेवर बसून ऊन कलेपर्यंत वाट बघत राहिल्या आणि कुणीच आलं नाही. गजग्यानं गेला, की थंडीचे दिवस आले, डास कमी झाले म्हणून गेला, हे फकरुद्दीननं छातीठोकपणे कधी सांगितलं नाही. दोघींनाही पुढं मुली झाल्या. प्रेमाबाईची महिनाभर आधी.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याहून एक बडे डॉक्टरसाहेब दौऱ्यावर आले. कुनैनच्या जागी गावठी औषध चालतंय का, हे वरून विचारलं जात होतं. फकरुद्दीननं त्यांना चहा दिला आणि सगळं सांगितलं, फुटाण्यासकट. साहेब पोट धरधरून हसले. माणूस दिलदार होता. बोलता बोलता त्यांनी आपल्या थोरल्या मुलीविषयीही सांगितलं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना होता, आणि अलीकडं तिला दिवसाआड कणकण येत होती. मग ते कामाच्या गोष्टीवर आले.

गरोदर बायकांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, ते म्हणाले, पण दोन बायकांवरून काय ठरतं. फकरुद्दीननं मान्य केलं. दोघींवरून काहीच ठरत नाही, हे तोही म्हणत होता.

"तर मग अजून पन्नासेक बायका बघा," साहेब म्हणाले. "या भागात काय कमी आहेत?"

"बघतो," फकरुद्दीन म्हणाला. "पहिली आपल्या घरातली द्या."

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. फकरुद्दीननं तराजू पुढं ओढला, पूड तोलली, दोन पुड्या बांधल्या आणि दोन्ही त्यांच्या बशीशेजारी ठेवल्या. एक आपल्या मुलीला, त्यानं सांगितलं, आणि दुसरी मी इथल्या बाईला देतो. आपल्याला हवी ती आपण उचलावी.

पडद्यामागं दोन तान्ह्या मुली आळीपाळीनं रडत होत्या. साहेबांनी त्या पुड्या बोटानं बशीपासून दूर सरकवल्या. मग उरलेला चहा तसाच ठेवून ते उठले आणि नळदुर्गकडचा रस्ता मोटारीला कसा आहे, ते त्यांनी विचारलं. फकरुद्दीननं सांगितलं, रस्ता चांगला आहे.